नावेला नाव कोणी ठेवलं?

आपल्या मराठीत ‘नाव’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पाण्यावर चालते ती नाव, आणि बारशाला ठेवतात तेही नाव. आज आम्ही या दोन्हींबद्दल बोलणार आहोत. इजिप्त देशात साडेचार हजार वर्षांपूर्वीची एक लाकडी नाव आहे. ती सापडली आणि लगेच तिचं बारसंही झालं. ‘सूर्यनौका’ हे नाव वर्तमानपत्रांतून जगभर गेलं. पुढे तिच्यासाठी संग्रहालय बांधलं, त्याच्याही पाटीवर हेच नाव आलं. पण ती खरंच सूर्यनौका होती का? या प्रश्नावर अभ्यासक सत्तर वर्षांनंतरही एकमत झालेले नाहीत.

गटाच्या बैठकीत इतिहासाचा विषय निघाला की बायका म्हणतात, ‘राजे आणि लढाया, त्यात आपलं काय?’ म्हणूनच आम्ही ही गोष्ट निवडली. हिच्यात राजा आहे, पण लढाई नाही. सुतार आहेत, दोर वळणारे हात आहेत, आणि एक प्रश्न आहे. ज्या वस्तूबद्दल कुणी काहीच लिहून ठेवलं नाही, तिची खरी गोष्ट ओळखायची कशी?

आधी जागा समजून घेऊ. इजिप्त आफ्रिकेच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. देश बहुतेक वाळवंटाचा, मधून नाईल नदी वाहते. शेती, वस्ती, वाहतूक सगळं त्या नदीच्या काठाने. आपल्याकडे रस्ता, तशी तिथे नदी. लग्नाला जायचं असो, धान्य न्यायचं असो की मयत न्यायची असो, नावेशिवाय चालत नसे. देवसुद्धा नावेतूनच फिरतात, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा होती. सूर्यदेव ‘रा’ दिवसा एका नावेतून आकाश पार करतो, रात्री दुसऱ्या नावेतून पाताळातून प्रवास करतो आणि सकाळी पुन्हा पूर्वेला उगवतो, असं ते मानत.

आजच्या कैरो शहराजवळ गिझा इथे तीन मोठे पिरॅमिड आहेत. पिरॅमिड म्हणजे राजाची दगडी समाधी. त्यातला सर्वांत मोठा खुफू राजाचा. १९५४ सालच्या मे महिन्यात त्याच्या दक्षिण बाजूची वाळू आणि दगडमाती हटवायचं काम चालू होतं. तेव्हा कमाल अल-मल्लाख या वास्तुशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की या बाजूची जुनी कुंपणभिंत इतर बाजूंच्या मानाने पिरॅमिडला जास्त जवळ आहे. त्यांना शंका आली, भिंत इथे मुद्दाम आत घेतली असेल तर खाली काही झाकलेलं असणार. खाली खरोखरच चुनखडीच्या मोठमोठ्या शिळा एकीला एक लावून बसवलेल्या होत्या. एका शिळेत भोक पाडल्यावर आतून देवदाराच्या लाकडाचा वास आला. आरशाने ऊन आत सोडून पाहिलं, तर खड्ड्यात लाकडं रचलेली होती.

एकूण ४१ शिळा होत्या. त्या काढल्यावर खाली अख्खी नाव नव्हती. नावेचे सुटे भाग होते, तेरा थरांत नीट रचलेले. मोजले तेव्हा १,२२४ तुकडे भरले. मेलेल्या राजासाठी कुणीतरी एक मोठी नाव सोडवून, एकेक फळी मोजून ठेवावी तशी ठेवून दिली होती. खड्डा इतका घट्ट बंद होता की हजारो वर्षांत लाकूड कुजलं नाही.

हे तुकडे जोडायचं काम हाजी अहमद युसुफ या कारागिराकडे आलं. खुफूच्या आईचं, हेतेफेरेस राणीचं, लाकडी सामान दुरुस्त करण्याचं काम त्यांनी आधी केलेलं होतं. तरीही नाव जोडण्याआधी ते नाईलकाठच्या होड्या बांधणाऱ्यांकडे गेले, त्यांचं काम बघितलं, लहान लहान नमुने करून पाहिले. मग मोठ्या नावेला हात घातला. जोडायची, चुकली तर सोडायची, पुन्हा जोडायची, असं करत दहा वर्षांहून जास्त काळ गेला. शेवटी उभी राहिली ती सुमारे १४२ फूट लांब नाव. चार एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जवळपास तेवढी लांबी होईल.

आता तिची बांधणी ऐका, कारण पुढचा सगळा वाद हिच्या अंगावरच्या खुणांवरून आहे. फळ्या देवदाराच्या. हे लाकूड इजिप्तमध्ये होत नाही. ते लेबनॉनच्या डोंगरांतून समुद्रमार्गे येई. खुफूचा बाप स्नेफेरू याने देवदाराने भरलेली चाळीस गलबतं आणवल्याची नोंद एका जुन्या शिलालेखात आहे. दोन फळ्या सरकू नयेत म्हणून मध्ये लाकडाच्या छोट्या जिभा बसवल्या होत्या. त्या ज्या काटेरी झाडाच्या, ते आपल्या बोरीच्या कुळातलं. आणि फळ्या एकमेकींना धरून होत्या त्या दोरांनी. गवताचे दोर वळून नाव अक्षरशः शिवलेली होती. शिवताना भोकं फळीच्या आतल्या अंगानेच पाडली होती. बाहेरून एकही टाका दिसत नाही, त्यामुळे पाणी शिरायला वाट नाही. लाकूड भिजून फुगतं, दोर भिजून आवळतो, आणि सांधा घट्ट होतो.

नाव शिवायची कला आपल्याही किनाऱ्यावर होती. अजिंठ्याच्या लेण्यातल्या एका चित्रातल्या जहाजावरून गोव्यात अलीकडेच काथ्याच्या दोरीने शिवलेलं जहाज बांधलं गेलं. ‘कौंडिण्य’ या नावाने ते २०२५ च्या मे महिन्यात कारवारला नौदलात दाखल झालं. ते समुद्रावर जाणारं, शिडाचं जहाज. खुफूच्या नावेला मात्र डोलकाठी नाही, शीड नाही. वल्ह्यांच्या पाच जोड्या, सुकाणूची एक जोडी, आणि मधोमध एक बंद खोली, एवढंच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही नाव कशासाठी होती?

पहिलं मत अल-मल्लाख यांचं आणि सर्वांत गाजलेलं. राजा मेल्यावर सूर्यदेवाबरोबर आकाशात फिरणार, म्हणून त्याला ही नाव दिली. या मताला आधार आहे. पिरॅमिडच्या दक्षिणेला नावांचे खड्डे दोन आहेत, आणि ते पूर्व-पश्चिम असे एका ओळीत आहेत. सूर्याचा मार्गही तोच, आणि त्याला नावाही दोन लागतात, एक दिवसाची, एक रात्रीची. शिवाय खड्ड्याच्या शिळांवर जेदेफ्रे हे नाव सापडलं. हा खुफूचा मुलगा, त्याच्यानंतर गादीवर आलेला. स्वतःला ‘रा देवाचा पुत्र’ म्हणवून घेणारा तो पहिला राजा मानतात. म्हणजे बापाची नाव पुरणारा मुलगा सूर्याचा भक्त होता.

ऐकून पटतं ना? पण दुसरी बाजूही ऐकू. राजाने सूर्याच्या नावेत बसण्याबद्दलचे मंत्र आपल्याला माहीत आहेत ते पिरॅमिडच्या आतल्या भिंतींवर कोरलेले. पण ते कोरायला सुरुवात झाली खुफूनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. खुद्द खुफूच्या पिरॅमिडमध्ये असा एकही मंत्र नाही. नंतरच्या चित्रांत सूर्यनौकेवर जी खास चिन्हं दिसतात, तीही या नावेवर नाहीत. आणि अबायडोस नावाच्या ठिकाणी खुफूच्या कितीतरी शतकं आधीच्या चौदा नावा वाळवंटात पुरलेल्या सापडल्या. राजाच्या मरणाबरोबर नाव पुरायची रीत सूर्यभक्तीचा जोर वाढण्याच्या आधीपासूनची होती.

दुसरं मत यारोस्लाव्ह चेर्नी या चेक अभ्यासकाचं. त्यांनी फक्त दक्षिणेकडे न बघता पिरॅमिडच्या भोवती बघितलं. पूर्वेलाही नावेच्या आकाराचे दोन मोठे खड्डे खोदलेले आहेत, ते रिकामे सापडले. दक्षिणेचे दोन, पूर्वेचे दोन, मिळून चार. चेर्नी म्हणाले, सूर्याला दोनच नावा पुरतात, मग चार कशाला? दिशा चार आहेत. राजाला मेल्यावर चारही दिशांना जाता यावं, म्हणून या चार नावा. पाचवा एक खड्डा पिरॅमिडकडे येणाऱ्या दगडी वाटेलगत आहे, त्याचा हिशेब वेगळा धरायचा. बघा, वस्तू तीच, पण शेजारचे खड्डे मोजले आणि अर्थ बदलला.

तिसरं मत नावेचं अंग तपासून आलेलं आहे. काही अभ्यासकांना फळ्यांवर दोर आवळल्याचे वळ दिसले. दोर भिजून आकसल्याशिवाय असे वळ उठणार नाहीत, म्हणून ही नाव खऱ्या पाण्यात उतरली होती, असं ते म्हणतात. मग बहुधा हिच्यातूनच राजाचं शव नाईलवरून गिझाला आणलं असेल. मधली बंद खोली त्यासाठीच असेल. एवढ्या मोठ्या नावेला वल्ह्यांच्या पाच जोड्या अपुऱ्या वाटतात, म्हणून दुसऱ्या नावांनी तिला ओढत आणलं असेल, वल्ही फक्त दिशा सांभाळायला. काही जण म्हणतात, शव कशाला, राजा जिवंतपणीच हिच्यातून तीर्थयात्रेला जात असेल, आणि मेल्यावर ती त्याच्यासोबत दिली असेल.

इथे आम्हाला थोडं थांबावंसं वाटतं. वळ दिसले, ही खूण. नाव पाण्याला लागली होती, हे त्या खुणेवरून काढलेलं अनुमान. तिच्यातून शव आणलं, ही त्याच्याही पुढची उडी. उडी चुकीचीच असते असं नाही, पण ती उडी आहे हे आपल्याला कळायला हवं. ओला दोर पाण्याची साक्ष देतो. नावेत कोण होतं, ते दोर सांगत नाही.

चौथं मत मार्क लेनर या अमेरिकन अभ्यासकाचं. त्यांनी वेगळाच प्रश्न विचारला. नाव जर राजाने वापरायची होती, तर ती सोडवून का ठेवली? पूर्वेचे खड्डे नावेच्या आकाराचे आहेत, दक्षिणेचे मात्र नुसते लांबट, पेटीसारखे, आणि नावेपेक्षा आखूड. अख्खी नाव त्यात मावतच नाही. लेनर म्हणतात, राजाच्या अंत्यविधीला लागलेल्या वस्तू साध्या राहत नसत. त्यांना मृत्यूचा स्पर्श झालेला असे. त्या पुन्हा वापरता येत नसत आणि टाकूनही देता येत नसत. म्हणून त्या सोडवून, विधीपूर्वक, समाधीच्या जवळ पण वेगळ्या जागी पुरत. हे मत आपल्याकडच्या बायकांना चटकन समजेल. मर्तिकाचं सामान आपणही घरात परत आणत नाही. मडकं तिथेच फुटतं, तिरडी तिथेच राहते. इजिप्तची रीत आणि आपली रीत एक आहे असं आम्ही म्हणत नाही. पण वस्तू मौल्यवान असूनही माणसं ती दूर का ठेवतात, हे आपल्याला परकं नाही.

यावरही उलट प्रश्न आहे. फळ्यांवर सुतारांनी खुणा करून ठेवलेल्या आहेत. ही पुढच्या भागाची उजवीकडची, ही मागची डावीकडची, अशा चार भागांच्या चार खुणा. नाव कायमची संपवायची होती तर जोडायला मदत करणाऱ्या खुणा कशाला? म्हणजे परलोकात कुणीतरी ती पुन्हा जोडेल अशी आशा होती का? की खुणा बांधतानाच केल्या होत्या, पुरताना नव्हे? दोन्ही शक्य आहे. अहमद युसुफ यांना मात्र जोडणी करताना त्याच खुणा उपयोगी पडल्या.

याशिवाय आणखी दोन गोष्टी कानावर येतात. थॉर हेयरडाल हा नॉर्वेचा दर्यावर्दी. तो १९७० साली पपायरस नावाच्या लव्हाळ्याची नाव घेऊन मोरोक्कोहून अटलांटिक महासागर पार करून बार्बाडोसला पोचला. खुफूच्या नावेची उंच टोकं बघून तो म्हणाला, हा आकार लाटांवर चढणाऱ्या जहाजाचा आहे, म्हणजे हे लोक महासागर जाणत होते. त्याचं धाडस खरं, पण त्या आकाराचं साधं कारणही आहे. इजिप्तच्या सर्वांत जुन्या होड्या लव्हाळ्याच्या जुड्या बांधून करत, आणि जुडीची टोकं बांधून वर उचलत. पुढे लाकूड आलं तरी मानाच्या नावांनी तो जुना आकार सोडला नाही. आणि महासागर पार करता येतो हे सिद्ध झालं, म्हणून कुणी तो पार केला होताच असं होत नाही.

दुसरी गोष्ट मोबाईलवर फिरते. एवढे पिरॅमिड, एवढी नाव माणसांना जमणार नाही, परग्रहावरून कुणी आलं होतं म्हणे. याला उत्तर एका मुकादमाच्या रोजनिशीत आहे. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे खुफूच्या काळातले लिहिलेले कागद सापडले, लव्हाळ्यापासून केलेले. लिहिलेले इतके जुने कागद जगात दुसरे सापडलेले नाहीत. त्यात मेरेर नावाचा मुकादम आपल्या सुमारे चाळीस माणसांच्या टोळीचं काम लिहितो. तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरले, गिझाला नेले, रात्री कुठे मुक्काम केला, दुसऱ्या दिवशी परत आलो. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. आपल्या हजेरीपटासारखं साधं लिखाण आहे ते. त्या हजेरीपटात परग्रहावरचं कुणी नाही. राबणारी माणसं आहेत.

गंमत बघा. दगड वाहणाऱ्या साध्या नावांची रोजनिशी मिळाली, आणि राजाच्या सुंदर नावेबद्दल एक ओळही मिळाली नाही. मेरेरच्या खेपांबद्दल आज वाद नाही, कारण त्याने रोजच्या रोज लिहिलं. आपल्या गटाच्या वहीला कंटाळणाऱ्या मैत्रिणींनी हे जरूर लक्षात ठेवावं.

मग खरं काय मानायचं? चारही मतं सारख्याच वजनाची आहेत असं नाही. परग्रहाच्या गोष्टीला एकही खूण नाही. सूर्याच्या मताला दिशा आणि दोनाची जोडी आहे, पण लिखाण फार नंतरचं आहे. चार दिशांच्या मताला खड्ड्यांचा हिशेब आहे. शवाच्या मताला दोरांचे वळ आहेत. पुरून टाकण्याच्या मताला खड्ड्याचा आकार आणि सोडवलेले भाग आहेत. दोन मतं एकत्रही नांदू शकतात. एखाद्या नावेतून राजाला शेवटचं आणलं असेल, आणि नंतर तीच विधीपूर्वक पुरली असेल. शेजारच्या दुसऱ्या खड्ड्यातली नावही इजिप्त आणि जपानच्या अभ्यासकांनी तुकड्या-तुकड्याने बाहेर काढली आहे. त्या खड्ड्यात हवा आणि किडे शिरल्याने तिचं लाकूड जास्त खराब झालं. दोन बहिणी शेजारी उभ्या राहतील, तेव्हा एकीच्या खुणा दुसरीशी ताडून बघता येतील. पहिली नाव २०२१ च्या ऑगस्टमध्ये पिरॅमिडजवळच्या जुन्या इमारतीतून गिझाच्याच नव्या मोठ्या संग्रहालयात हलवली, न सोडवता, अख्खीच्या अख्खी.

आता नावाच्या दुसऱ्या अर्थाकडे येतो. या नावेला ‘सूर्यनौका’ म्हटलं तेव्हा तिचे तुकडे अजून खड्ड्यातच होते. फळ्या जोडलेल्या नव्हत्या, वळ बघितलेले नव्हते, शेजारचे खड्डे ताडलेले नव्हते. नाव आधी आलं, तपास मागून आला. आणि एकदा नाव चिकटलं की तपास करणाऱ्यालाही आधी त्या नावाशी झगडावं लागतं.

मैत्रिणींनो, हे आपण गावात रोज बघतो. एखादी बाई लग्न होऊन येते, घरात काही वाईट घडतं आणि तिला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणतात. एखादी नवरा गेल्यावर धीराने उभी राहते, तर तिलाही नाव ठेवतात. काय घडलं, कोणी पाहिलं, कशावरून म्हणता, हे विचारायच्या आत नाव गावभर झालेलं असतं. नाव काही बोलू शकत नव्हती. ती लाकडाची होती, तिची साक्ष तिच्या अंगावरचे वळ आणि सुतारांच्या खुणा देत होत्या. बाई बोलू शकते, पण तिला कोणी विचारत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत कुणाबद्दल काही बोलणं निघालं, तर तीन गोष्टी वेगळ्या करून बघा. डोळ्यांनी दिसलं ते काय? त्यावरून आपण काढलं ते काय? आणि नुसतंच कानावर आलं ते काय? इजिप्तचे अभ्यासक सत्तर वर्षं हेच करत आहेत. त्यांचं अजून एकमत झालं नाही, पण एका गोष्टीत ते सगळे सारखे आहेत. मत मांडलं की ‘कशावरून?’ हा प्रश्न येणार, हे प्रत्येकाला माहीत आहे, आणि उत्तर द्यायला प्रत्येक जण त्या फळ्यांकडेच परत जातो.

आज इथेच थांबतो. पुढच्या वेळी पुन्हा भेटू. नमस्कार.